स्वमग्न मुलांचा मेंदू : संशोधन कुठं चाललंय?

पालकहो, 'आईचं लक्ष नाही म्हणून लेकरू बोलत नाही' हे आधी डोक्यातून काढा. स्वमग्नतेत मेंदूची जडणघडणच वेगळी होते. २०१७ च्या अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ज्यांना पुढे स्वमग्नता निघाली, त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग ६ ते १२ महिन्यांतच जास्त वेगानं वाढला होता. बोलण्याचं वय यायच्या आधीच!

एवढ्या लवकर कळलं तर करायचं काय? मला गोवा आणि रावळपिंडीतला प्रयोग (२०१६) जास्त जवळचा वाटतो. तिथं तज्ज्ञ नव्हे, तर शिकवून तयार केलेले कार्यकर्ते आईबापांना मुलासोबतच्या खेळाचं चित्रीकरण दाखवून शिकवत. मुलं आईबापांशी आपणहून जास्त संवाद साधू लागली. अहमदपूरसारख्या गावाला हे जमण्यासारखं आहे.

हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही? 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या.