दोष आधी शोधावा, मग सुधारावा

प्रस्तावना

एखादे उपकरण अचानक बंद पडले की आपण बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो: त्याला चार थापट्या मारून पाहतो, नाहीतर ते उचलून दुकानात नेतो. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे विचाराचा. मोटारीतील स्टिरिओच्या उदाहरणावरून प्रस्तुत पाठात आपण तो समजून घेऊ.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला:
• लक्षणांवरून दोषाचे स्थान क्रमाने शोधता येईल.
• घरी करण्याजोगी आणि कारागिराकडे सोपवावयाची कामे ओळखता येतील.
• 'जर-तर' वाक्यांची तर्कशुद्ध रचना करता येईल.

मूळ पाठ

एका टॅक्सीचालकाचे उदाहरण घेऊ. रात्रीच्या लांबच्या प्रवासात त्याला गाण्यांची सोबत असते. एके संध्याकाळी त्याचा स्टिरिओ मुका होतो. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. 'यंत्र जळाले' असे त्याला वाटते. परंतु बंद पडणे हे लक्षण आहे, कारण नव्हे. कारण शोधायचे, तर सर्वांत सोप्या शक्यतेपासून आरंभ करावा.

पहिली शक्यता वितळतारेची, म्हणजेच फ्यूजची. मोटार बंद करून, किल्ली काढून ती तपासावी. एक वितळतार मोटारीच्या फ्यूज-पेटीत असते. पुष्कळ स्टिरिओंच्या पाठीमागेही एक असते. तिच्यावर 10 किंवा 15 असा आकडा छापलेला असतो. तो विद्युतप्रवाहाची मर्यादा अँपिअरमध्ये सांगतो. आतील तार तुटलेली दिसली, तर त्याच आकड्याची नवी वितळतार बसवावी.

आपल्या टॅक्सीचालकाने तसे केले. पण नवी वितळतारही तत्काळ उडाली. अशा वेळी मोठ्या आकड्याची वितळतार बसवण्याचा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. वितळतार ही मंडलातील जाणूनबुजून ठेवलेली दुबळी कडी असते. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला की ती स्वतः वितळून प्रवाह तोडते. तिची जागा चांदीने घेतली, तर प्रवाह तुटत नाही; तारा तापतात, त्यांचे आवरण जळते आणि गाडीला आग लागू शकते. वितळतार हा दोष नव्हे. ती दोषाची वर्दी देणारी पहारेकरी आहे.

म्हणून आता तारा पाहणे आले. स्टिरिओ बाहेर काढण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण अग्राची जोडणी सोडवावी. काही स्टिरिओ वीज तुटल्यानंतर सांकेतिक क्रमांक मागतात; तो आधीच शोधून ठेवावा. टॅक्सीचालकाला आढळले, की एका तारेचे आवरण पत्र्याच्या धारदार कडेवर घासून सोलले गेले होते आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. त्याने तेथे विद्युतरोधक पट्टी गुंडाळली व तार कडेपासून दूर बांधली. त्यानंतर वितळतार टिकली आणि स्टिरिओ बोलू लागला.

वितळतार शाबूत असूनही स्टिरिओ बंद असेल, तर मल्टिमीटर उपयोगी पडतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी, लाल व काळी अशा तीन मुख्य तारा असतात. पिवळीत वीज सतत असते. लालीत किल्ली फिरवल्यावर येते. काळी मोटारीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. कारखान्यातून बसवून आलेल्या स्टिरिओत रंग निराळे असू शकतात. म्हणून आकृती पाहावी. तारा एकमेकींना टेकणार नाहीत अशी काळजी घेऊन बॅटरी पुन्हा जोडावी आणि मोजणी करावी. पिवळी व काळी यांच्यामध्ये सुमारे 12 व्होल्ट दिसले पाहिजेत. ते दिसत नाहीत, पण पिवळी व मोटारीचा उघडा धातू यांच्यामध्ये दिसतात, असे असेल, तर दोष काळ्या तारेच्या जोडणीत आहे.

इतर लक्षणेही बोलकी असतात. किल्ली काढताच घड्याळ व केंद्रे विसरली जात असतील, तर पिवळ्या तारेला सतत वीज मिळत नाही. एकाच बाजूचा आवाज गेला असेल, तर प्रथम डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल पाहावा. तो ठीक असल्यास स्पीकर वेगळा करून त्याचा रोध मोजावा. 4 ओहमच्या स्पीकरचा रोध साधारणतः 3 ते 4 ओहम दिसतो. मीटर अमर्याद रोध दाखवत असेल, तर आतील वेटोळे तुटलेले आहे.

कोठे थांबावे, हे कळणे हासुद्धा कौशल्याचाच भाग होय. सुरक्षा-फुग्याच्या, म्हणजे एअरबॅगच्या तारांना हात लावू नये. त्यांचे वेष्टन किंवा जोडणीचे टोक पुष्कळदा पिवळे असते. त्यांची स्टिरिओच्या पिवळ्या तारेशी गल्लत करू नये. जळका वास येत असेल किंवा दोष स्टिरिओच्या आत असेल, तर काम कारागिराकडे सोपवावे. 'हे तपासले, ते तपासायचे राहिले' एवढे त्याला सांगता आले, तरी आपले श्रम वाया गेले नाहीत.

पाठगत प्रश्न

1. नवी वितळतारही उडाली, यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
2. वितळतारेला 'पहारेकरी' का म्हटले आहे?

भाषाभ्यास

'जर'ने सुरू होणारे उपवाक्य अट सांगते. 'तर' तिचा परिणाम सांगते. 'तार तुटलेली दिसली, तर नवी बसवावी' या वाक्यात 'जर' अध्याहृत आहे. पाठातील अशी आणखी तीन वाक्ये शोधून लिहा.

स्वाध्याय

तुमच्या घरातील बंद पडलेल्या एका उपकरणाची लक्षणे लिहा. सोप्या शक्यतेपासून आरंभ करून तपासणीचे टप्पे पाच 'जर-तर' वाक्यांत मांडा. तुम्ही कोठे थांबाल, तेही सकारण सांगा.