बॅट आणि स्टिक

घाटकोपरहून लोकलने मुलुंडकडे जाताना भांडुप स्टेशन लागते. याच भांडुपमध्ये ५ सप्टेंबर २००० रोजी जेमिमा रॉड्रिग्जचा जन्म झाला. आज तिला सगळे क्रिकेटपटू म्हणून ओळखतात. पण लहानपणी तिच्या हातात बॅट असे, तशीच हॉकीची स्टिकही असे.

वडील इव्हान रॉड्रिग्ज हे तिचे पहिले प्रशिक्षक. खेळाची चांगली सोय व्हावी म्हणून हे कुटुंब वांद्र्याला राहायला गेले. बाराव्या-तेराव्या वर्षीच जेमिमा मुंबईच्या १९ वर्षांखालील क्रिकेट संघात आली. महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील हॉकी संघातही तिची निवड झाली.

पण दोन्ही खेळांचा सराव, सामने आणि प्रवास एकाच व्यक्तीला किती दिवस जमणार? कधीतरी एक खेळ निवडावाच लागतो. मद्रासचे एम. जे. गोपालन हेही दोन्ही खेळांत तरबेज होते. १९३६ साली त्यांच्यापुढे बर्लिन ऑलिंपिकची हॉकी आणि क्रिकेटचा इंग्लंड दौरा असे दोन रस्ते होते. त्यांनी क्रिकेट निवडले. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. हॉकी संघाने मात्र सुवर्णपदक जिंकले!

जेमिमानेही क्रिकेटच निवडले. २०१८ मध्ये ती भारताकडून खेळू लागली. पण २०२२ च्या विश्वचषकासाठी तिला संघात घेतले नाही. २०२५ च्या विश्वचषकात ती दोनदा शून्यावर बाद झाली आणि एका सामन्यात तिला बाहेर बसावे लागले. तरी तिने धीर सोडला नाही. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपान्त्य सामना होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावा हव्या होत्या. जेमिमाने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारत जिंकला. २ नोव्हेंबरला विश्वचषकही भारताचा झाला.

मग हॉकी वाया गेली का? नाही. हॉकीत सतत धावावे लागते, मनगटाने चेंडू वळवावा लागतो. क्रिकेटमध्येही हेच कामी येते. मुलांनो, शिकलेली गोष्ट वाया जात नाही. विचार करून वाट निवडा आणि त्या वाटेवर टिकून राहा.

शब्दार्थ
सराव – मश्क
तरबेज – माहीर
धीर – हिंमत
मनगट – कलाई
उपान्त्य सामना – अंतिम सामन्याच्या आधीचा सामना

स्वाध्याय
१. जेमिमाचे कुटुंब वांद्र्याला का गेले?
२. १९३६ साली गोपालन यांच्यापुढे कोणते दोन रस्ते होते?
३. 'धीर सोडणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. तुम्हांला आवडणाऱ्या दोन खेळांविषयी पाच वाक्ये लिहा.