ओलें भात व उष्ण हवेचें यंत्र

परतीच्या पावसांत कापलेलें भात खळ्यावर वाळत नाहीं. रास आंतून तापते व दाण्यास बुरशी लागते. अशा वेळीं उष्ण हवेनें धान्य वाळविणारें यंत्र उपयोगी पडतें. पंखा, भट्टी व धान्याचा हौद हींच त्याचीं मुख्य अंगें. भट्टीस भाताचें तूसही चालतें. तापलेली हवा अधिक पाणी शोषून घेते व पंख्याच्या जोरानें राशींतून जातांना ओल बाहेर नेते. शेंकडा २२ ओल असलेलें १०० किलो भात १४ वर आणावयाचें म्हणजे सुमारें ९ किलो पाणी काढावें लागतें.

येथें घाई नडते. आंच वाढविली कीं दाण्याचा बाहेरील भाग आधीं सुकून आंखडतो, आंत ओल राहते आणि तांदुळास तडा जातो. तुसाआड तो दिसत नाहीं; गिरणींत कणी पडते तेव्हां कळतो, आणि भाव तर अख्ख्या तांदुळासच! म्हणून थोडें वाळवून कांहीं तास हवा बंद ठेवावी. आंतील ओल पृष्ठभागीं आली म्हणजे पुन्हा सुरू करावी. बियाण्याचें भात ४३ अंश सेल्सिअसपेक्षां अधिक तापूं देऊं नये. तें दिसावयास उत्तम राहील, पण उगवणार नाहीं. आम्ही तर म्हणूं कीं, मोठ्या भट्टीआधीं चांगल्या तापमापकावर पैसा खर्चावा, व तो भट्टीच्या तोंडाशीं न ठेवतां राशींत खुपसावा.