काकांची वेबसाइट आणि आईचे पाच प्रश्न

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. 'सातबारा' म्हणजे सात डिसेंबर असेल, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं! त्याचा अर्थ कळला तो पंधरा हजार रुपये गेल्यावर.

झालं असं. पप्पा लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि आम्ही कित्येक वर्षं भाड्याच्या खोल्यांत राहतोय. दोन वर्षांपूर्वी एका एजंटच्या वेबसाइटवर त्यांना खेडजवळची जागा दिसली. 'निसर्गरम्य, हायवे टच, एनए प्लॉट!' फोटोत हिरवागार डोंगर, वर ढग. पप्पांनी २५,००० रुपये टोकन दिलं. मग कागद बघितले तर जागा चक्क शेतीची! महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, कलेक्टरची परवानगी नसेल तर शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच विकत घेता येते. आमच्या घरात कोणाच्याच नावावर शेती नाही. दहा हजार परत मिळाले, बाकीचे म्हणे 'खर्चात' गेले.

असो. यावर्षी आमच्या शेजारचे एक काका, जे जागांचे व्यवहार करतात, मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मला एक वेबसाइट करून दे." मी खूश! चार रात्री जागून सरकणारे फोटो, उडणारी अक्षरं, सगळं केलं. आईला दाखवलं. तिने शांतपणे पाच प्रश्न विचारले. गाडी दारापर्यंत जाते की पाखाडीने चालत जायचं? विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का? सातबाऱ्यावर नावं किती? कंपन्यांचा वास येतो का? पुराचं पाणी चढलं होतं का? माझ्या वेबसाइटवर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे तर फोनवरही विचारता येतं. येतं ना. पण बघणारा माणूस कोण आहे ते लक्षात घ्या. तो डोंबिवलीला किंवा विरारला बसलेला चाकरमानी. तो रजा टाकणार, खेड स्टेशनला उतरणार, रिक्षा करणार आणि जागेवर पोचल्यावर त्याला कळणार की पुढे रस्ताच नाही. वेबसाइटचा खरा उपयोग हाच, की नको असलेली जागा त्याला घरबसल्या नाकारता यावी. हे एकदा मान्य केलं की काय लिहायचं ते आपोआप ठरतं.

पहिला मान सातबाऱ्याचा. कोकणात एकाच सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असणं नवीन नाही. त्यातले निम्मे मुंबईला, काही वारलेले आणि वारसनोंद झालेली नाही. सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय पूर्ण जागा हातात येत नाही. म्हणून प्रत्येक जागेखाली नावं किती आणि त्यातली तयार किती, हे लिहायचं. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ तेही लिहायचं, कारण वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. महाभूलेखच्या साइटवर कोकण विभाग निवडून सातबारा फुकट बघता येतो. पण ती प्रत फक्त माहितीसाठी असते. कामाला चालणारी डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांत मिळते.

रेराचंही तसंच. महारेराचं काम १ मे २०१७ ला सुरू झालं. एजंटचा नंबर 'ए'ने आणि प्रकल्पाचा 'पी'ने सुरू होतो. नोंदणी झालेल्या प्लॉटिंगसाठी दोन्ही नंबर दिसलेच पाहिजेत. पण कोणी आपली एकटी जागा विकत असेल तर तिथे प्रकल्पच नाही, मग 'रेरा अप्रूव्हड' कसलं? ते नुसतं शोभेला लिहू नये.

आता आपला विषय, इंजिनीअरिंग! काकांनी दिलेला प्रत्येक फोटो ४ एमबीचा. दहा फोटो म्हणजे ४० एमबी. २ एमबीपीएसचं नेट धरलं तर पान उघडायला १६० सेकंद! तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल. फोटोची रुंदी १,२०० पिक्सेल केली तर २०० केबीच्या आसपास काम भागतं. आणि फोटोवर तारीख हवीच. ऑगस्टमध्ये कोकणातला कातळसुद्धा हिरवा दिसतो. मी काकांना मे महिन्यातलाही एक फोटो मागितला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

क्षेत्रफळ डेटाबेसमध्ये चौरस मीटरमध्ये ठेवलं आणि पानावर गुंठ्यात दाखवलं (१ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट). नकाशावरची खूण दशांशानंतर दोन आकडे देऊन केली तर एक किलोमीटरपर्यंत चुकते, पाच आकडे दिले तर साधारण मीटरभर. 'स्टेशनपासून १० मिनिटं' हे मात्र मी काढून टाकलं. २०२२ मध्ये चौपदरीकरणासाठी परशुराम घाट रोज काही तास बंद असायचा, तेव्हा मिनिटं कोणाच्या घड्याळाची धरायची? त्याऐवजी किलोमीटर लिहिले.

वासासाठी एमआयडीसीपासूनचं अंतर आणि दिशा दिली. पावसाळ्यात वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे ईशान्येकडच्या जागेवाल्याने तेव्हा एकदा तिथे उभं राहून बघावं. चिपळूण आणि खेडच्या बाजूच्या जागांना २२ जुलै २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, असा एक वेगळा रकानाच केला.

इथे काका भडकले. "अरे, सगळंच लिहिलंस तर फोन कोण करणार? आणि सर्वे नंबर टाकलास तर गिऱ्हाईक सरळ मालकाकडे जाईल. मी काय खाऊ?" खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. कमिशनवरच त्यांचं घर चालतं. शेवटी तडजोड झाली. सर्वे नंबर पानावर नाही, पण जो नाव सांगून मागेल त्याला त्याच दिवशी, टोकनाची भाषा करण्याआधी द्यायचा. बाकी सगळं उघड. विकलेल्या जागेवर 'विकली' असं लिहायचं, नुसती लोकांना ओढायला ती ठेवायची नाही. आणि शेतजमिनीच्या पानावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात: 'खरेदीदार शेतकरी असणे आवश्यक'. ती ओळ मी पप्पांना शेजारी बसवून टाइप केली.

पहिले दोन आठवडे फोन खरंच कमी झाले. काका जिन्यात भेटले की नुसते "हं" म्हणायचे. मग एका रविवारी विरारच्या एका बाईंचा फोन आला. "नमस्कार" झाल्यावर त्यांचा पहिलाच प्रश्न, "त्या अकरा नावांपैकी नऊ तयार आहेत असं लिहिलंय, उरलेले दोघं कुठे असतात?" काकांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काय रे, कुठे असतात ते?"