वादळ येण्याआधी : मॉरिशसच्या ऊसधंद्याचा धडा



वादळ म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांची काळजी, असे आपण धरून चालतो. पण ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ घाट चढून पुणे, नाशिक जिल्ह्यांपर्यंत पोहोचले. ज्यांचा ऊसधंदा दरसाल वादळाच्या तोंडी असतो ते लोक तयारी कशी करतात, हे आपण समजून घेतलेले बरे. म्हणून या अंकात मॉरिशसची माहिती देत आहोत.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले छोटे बेट. एकोणिसाव्या शतकात कोकणातले मजूरही तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. तिथला गळीत हंगाम साधारण जून ते डिसेंबर, आणि वादळाचा मोसम नोव्हेंबर ते मे. म्हणजे हंगाम सरत आला की वादळाचे दिवस सुरू होतात, आणि ते पुढच्या सालचा ऊस रानात वाढत असताना चालू राहतात.

१९६० साली जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीअखेर कॅरोल अशी दोन वादळे लागोपाठ आली. कॅरोलमध्ये ४२ माणसे दगावली, हजारो घरे बसली. १९५९ साली सुमारे ५ लाख ८० हजार टन साखर झाली होती, ती १९६० साली सुमारे २ लाख ३६ हजार टनांवर आली. पण १९६१ साली उत्पादन पुन्हा साडेपाच लाख टनांच्या वर गेले. ऊस आडवा पडला तरी बुडख्यातून पुन्हा फुटतो. माणसाचे तसे नाही. म्हणून तयारीचा विचार माणसापासून सुरू झाला पाहिजे. तिथल्या व्यवस्थेतल्या चार गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात.

१. इशारा आणि काम यांची सांगड : तिथे इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीत पहिला इशारा जोराचा वारा येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी मिळे. दुसऱ्या इशाऱ्यानंतर १२ तास आणि तिसऱ्यानंतर ६ तास हाताशी राहावेत, असा हिशेब होता, आणि हे तास दिवसाच्या उजेडाचे धरलेले. कारण अंधारात पत्रा बांधता येत नाही. ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले की चौथा इशारा. मग कोणी बाहेर पडायचे नाही.

२. मजुराची मजुरी : तिसरा किंवा चौथा इशारा असताना कामगार आला नाही, तरी कायद्याने त्याचा पगार कापता येत नाही. कामावर ठेवलाच तर जादा भत्ता आणि जेवण द्यावे लागते. रोज बुडेल या भीतीने कोणी जीव धोक्यात घालू नये, हा त्यामागचा विचार.

३. पक्की घरे : कॅरोलनंतर तिथे सिमेंट काँक्रीटची घरे बांधण्याची मोठी मोहीम निघाली. १९७५ साली गर्व्हेज वादळात ताशी २८० किलोमीटरचे झोत आले, तरी मृत्यू कॅरोलपेक्षा पुष्कळ कमी झाले.

४. निधी : १९४५ च्या वादळांनंतर १९४६ साली कायद्याने ऊस-साखरेचा विमा निधी सुरू झाला. शेतकरी आणि कारखाने दोघेही हप्ता भरतात. चांगल्या वर्षी भरायचे, वाईट वर्षी घ्यायचे.

एवढे असूनही चूक होतेच. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाच्या दिवशी लोक सकाळी कामावर गेले, मग इशारा वाढला आणि सगळे एकदमच घराकडे निघाले. पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर पुराच्या पाण्यात मोटारी अडकल्या, वाहून गेल्या. इशारा उशिरा पोचला की सगळी तयारी फुकट जाते.

आता आपल्याकडे बघू. इथे आभाळ भरून आले तरी आपण 'बघू, बघू' म्हणतो, आणि पत्रा उडाल्यावर दोर शोधायला धावतो. सर्वांत आधी झळ लागते ती कोपीत राहणाऱ्या तोडणी मजुराला. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात, आणि अवकाळी पाऊसवारा त्याच दिवसांत गाठतो. म्हणून आमच्या सूचना अशा :

• कोप्यांचा तळ ओढ्याकाठी, झाडाखाली किंवा विजेच्या तारांखाली टाकू नये. जवळची शाळा वा गोदाम निवाऱ्यासाठी आधीच ठरवून, मुकादमाला दाखवून ठेवावे.
• हवामान खात्याचा इशारा चिटबॉयने त्याच दिवशी, उजेड असतानाच प्रत्येक टोळीला सांगावा.
• गोदामाचे पत्रे, यार्डातले सुटे सामान आणि जनरेटरचे डिझेल यांची तपासणी हंगामाआधी करावी. कोणते काम कोणाचे, ते नावानिशी फळ्यावर लिहावे.
• सभासदांनी उसाची मोठी बांधणी वेळेवर करावी आणि पाणी निघायला चर मोकळे ठेवावेत. पडलेल्या उसाला उंदीर लागतो, उतारा घटतो. त्याची खबर लगेच द्यावी, म्हणजे तो आधी तोडता येईल.
• वादळाने तोड बंद पडली तर त्या दिवसांचा शिधा टोळीला कोणी द्यायचा, हे करार करतानाच ठरवावे.

यातली शेवटची सूचना काही सभासदांना जड वाटेल. पण उपाशी पोटी कोणी कोपीत थांबत नाही. वादळ ओसरल्यावर टोळी गावी निघून गेली, तर आपला ऊस रानातच वाळेल. वार्षिक सभेत यावर मोकळेपणी बोलावे, ही विनंती.