एमएसडब्ल्यू करायचं म्हणतेय? मग हे वाचा

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या मराठी घरात मुलीने ‘मला समाजकार्य शिकायचंय’ म्हटलं की आईबाबांना दोन धास्ती वाटतात. एक पगाराची. दुसरी शंकर गुहा नियोगींच्या आठवणीची. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, याच हुडकोतल्या घरात झोपेत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. समाजासाठी झटणाऱ्याचं असं होतं, ही भीती त्या पिढीच्या मनातून गेलेली नाही.

दुसरी धास्ती आधी दूर करू. नियोगी कामगार नेते होते. भिलाई पोलाद कारखान्यातून सुरुवात करून त्यांनी दल्ली-राजहराच्या लोहखाणींतल्या मजुरांची संघटना उभी केली. आंदोलनातली जोखीम वेगळी आणि पदवी घेऊन करायची नोकरी वेगळी. मात्र समाजकार्याचं सर्वात महत्त्वाचं तत्त्व समजून घ्यायचं तर त्याच दल्ली-राजहरात जावं लागतं. संघटनेतल्या कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या. त्या धक्क्यातून पुढे मजुरांनी वर्गणी आणि श्रमदानातून स्वतःचा दवाखाना उभारला. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या शहीद रुग्णालयाला तिथल्याच १९७७ च्या पोलीस गोळीबारात मेलेल्या कामगारांची आठवण म्हणून ते नाव मिळालं. डॉक्टर बाहेरून आले, पण मजुरांमधूनच आरोग्य कार्यकर्ते तयार झाले. लोकांना नुसती मदत देण्याऐवजी त्यांची ताकद वाढवायची, हेच ते तत्त्व.

हा पेशा आला कुठून?

दानधर्म जुना आहे, शिक्षण नवं. लंडनमध्ये १८६९ साली दानाला शिस्त लावण्यासाठी संघटना निघाली. जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीतच ‘हल हाउस’ थाटलं. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये माणसाच्या अडचणीचा तपास पद्धतशीर कसा करावा, यावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईच्या नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवलं. १९३६ मध्ये निघालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे ते पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’.

छत्तीसगडमध्ये मराठी माणसांनी उभं केलेलं कामही आहे. स्वतः कुष्ठरोग सोसलेले सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये चांप्याजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. अमरावती जिल्ह्यातून आलेल्या दामोदर गणेश बापट यांनी तो पुढे अनेक दशकं सांभाळला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

वर्गात काय शिकवतात?

फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली सात तत्त्वं आजही पहिल्या सत्रात येतात. त्यातली चार अशी: प्रत्येक माणूस वेगळा समजायचा, त्याला दोषी ठरवायचं नाही, त्याचं गुपित राखायचं आणि त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यायचा.

चौथं सर्वात कठीण. समजा, दारुड्या नवऱ्याच्या मारहाणीने बेजार झालेली बाई तुमच्यासमोर बसली आहे. ‘सोडून दे त्याला’ असं शेजारीण सांगते. समाजकार्यकर्ती तिला धोका किती आहे, कायदा काय देतो, निवारा कुठे मिळेल, पैसा कुठून येईल हे सगळं उलगडून दाखवते, निर्णय तिचा. गुपित राखण्यालाही मर्यादा आहे. जीव धोक्यात असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर गप्प बसता येत नाही.

नोकऱ्या कुठे?

भिलाईकरांना ओळखीचं पद म्हणजे कारखान्यातला कल्याण अधिकारी. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तो बंधनकारक केला. याशिवाय रुग्णालयातले वैद्यकीय समाजकार्यकर्ते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, कुटुंब न्यायालयातले समुपदेशक, स्वयंसेवी संस्था अशी दारं आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तिथेही माणसं लागतात.

आता पगाराचं खरं बोलू. पुष्कळ जागा कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. सुरुवातीला इंजिनिअर भावाइतके पैसे मिळतीलच असं नाही. म्हणून पहिली दोन-चार वर्षं घर तिच्या पगारावर अवलंबून असेल का, हे प्रवेशाआधीच मोकळेपणाने बोला.

प्रवेश कसा घ्यावा?

बारावीनंतर बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी करता येते. एमएसडब्ल्यू, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं. त्याला साधारणपणे कोणत्याही शाखेची पदवी चालते. जवळचा पर्याय बिलासपूरचं गुरू घासीदास केंद्रीय विद्यापीठ. नागपुरात तिरपुडे आणि मातृसेवा संघ यांची समाजकार्य महाविद्यालयं आहेत, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि टिस. या पेशातल्या सगळ्यांसाठी वकिलांसारखी एक देशव्यापी परवाना परिषद नाही, त्यामुळे विद्यापीठाची मान्यता स्वतः तपासा. महाविद्यालयाला एकच प्रश्न जरूर विचारा: क्षेत्रकार्य कुठे होतं आणि त्यावर देखरेख कोण करतं? ते नुसतं कागदोपत्री असेल, तर पदवीला अर्थ उरत नाही.

मुलामुलींनो, अर्ज भरण्याआधी सुट्टीत महिनाभर एखाद्या संस्थेत जाऊन काम करा. तिथे लोकांचं म्हणणं मधे न तोडता ऐकता येतं का, आपला सल्ला कुणी मानला नाही तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पुन्हा जावंसं वाटतं का, हे पाहा. वाटत असेल तर या वाटेला जा. पालकांनो, त्या महिन्यात मुलांना अडवू नका. घरी आल्यावर आज काय पाहिलं, तेवढं विचारा.