डोळ्यामागील ज्ञानतंतूचा दाह

लाल झालेला, चिपडें धरणारा किंवा फूल पडलेला डोळा कोणाच्याहि ध्यानांत येतो. परंतु बाहेरून अगदीं स्वच्छ दिसणारा डोळा दोनचार दिवसांत अंधुक होऊं शकतो, व घरचीं माणसें म्हणतात, ‘डोळ्याला तर कांहींच झालेलें नाहीं.’ या समजुतीनें मोलाचे दिवस वायां जातात, म्हणून या रोगाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों.

डोळा प्रतिमा घेतो, पाहण्याचें काम मेंदू करितो. या दोहोंस जोडणारा ज्ञानतंतु सुमारें दोन इंच लांब असून त्यांत दहा लाखांवर सूक्ष्म धागे असतात. विजेच्या तारेवर जसें रबराचें वेष्टन, तसें या धाग्यांवर मायेलिन नांवाच्या स्निग्ध पदार्थाचें वेष्टन असतें. दाहानें तें झडलें म्हणजे संदेश मंदावतो किंवा अडतो. तीन रोग्यांपैकीं सुमारें दोघांत हा दाह डोळ्याच्या गोलाच्या मागें असतो. त्यामुळें वैद्यानें यंत्रांतून आंत पाहिलें तरी आरंभीं कांहीं आढळत नाहीं. मग घरच्यांस न कळलें यांत नवल तें काय?

तथापि खुणा आहेत. हा रोग बहुधा वीस ते चाळीस वयाच्या माणसांस, व पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक, एका डोळ्यास होतो. डोळा फिरवितांना दुखतो. रंग फिके पडतात, विशेषतः तांबडा. अंगणांत वाळत घातलेल्या मिरच्यांकडे एकेक डोळा झांकून पाहावें. एका डोळ्यास त्या लाल व दुसऱ्यास विटकरी दिसल्या तर दुखणें आंतील आहे अशी शंका घ्यावी. उन्हांत राबल्यावर किंवा कढत पाण्यानें स्नान केल्यावर कांहींची दृष्टि तेवढ्यापुरती अधिकच मंदावते. हें ऊठहोफ नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें 1890 सालीं नमूद केलें.

आतां कारणें. शरीराची रक्षण करणारी शक्तिच पुष्कळदां चुकून आपल्या तंतूंवर उलटते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारांत असें होतें. तो युरोप-अमेरिकेंत अधिक असला तरी आपल्याकडे नाहीं असें नाहीं. दुसरा एक विकार याहून तीव्र असून तो दोन्ही डोळ्यांस व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूसहि पकडतो. त्याची ओळख पटविणारें द्रव्य रक्तांत असतें, हें 2004 सालीं उघडकीस आलें. क्षय व उपदंश यांमुळेंहि दाह होतो.

दाह नसून तसेंच दिसणारें दुखणेंहि असतें. विषारी दारूंतील मिथेनॉल या तंतूचा नाश करितें. 2015 च्या जूनमध्यें मुंबईच्या मालवणी भागांत अशा दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. असें विष पिऊन जे वांचतात त्यांतील कित्येकांची दृष्टि जाते. क्षयावरील एथॅम्ब्युटॉल या औषधानेंहि क्वचित् दृष्टि मंदावते. तें घेणाऱ्यानें रंग फिके दिसूं लागतांच दवाखान्यांत सांगावें. इतर गोळ्या मात्र मनानें बंद करूं नयेत, कारण अर्धवट टाकलेला क्षय पुन्हां बळावतो.

साध्या प्रकारांत बहुतेकांची दृष्टि कांहीं आठवड्यांत पुष्कळशी परत येते. अमेरिकेंतील एका मोठ्या परीक्षेचा निकाल 1992 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शिरेंतून दिलेल्या स्टेरॉइडनें गुण लवकर येतो असें दिसलें. पण तेंच औषध केवळ गोळ्यांनीं नेहमींच्या प्रमाणांत दिलें तर कांहीं लाभ झाला नाहीं, उलट रोग पुनः उद्भवण्याचें प्रमाण वाढलें. म्हणून दुकानांतून मागून आणलेल्या गोळ्या घेऊं नयेत, व डोळ्यांत मध किंवा पाल्याचा रस घालूं नये. तो रस त्या तंतूपर्यंत पोंचतच नाहीं.

रोग्यास नेत्रवैद्याकडे त्याच दिवशीं, निदान दुसऱ्या दिवशीं न्यावें. जाण्यापूर्वीं जवळच्या शिकलेल्या माणसानें एका कागदावर लिहून द्यावें: कोणत्या डोळ्यास, कोणत्या तारखेपासून, दुखतें कीं नाहीं, कोणतीं औषधें चालू आहेत, दारू घेतली होती काय, आणि पायांस बधिरपणा किंवा लघवी अडणें यांपैकीं कांहीं झालें आहे काय.